वयोमानाप्रमाणे

मागील वर्षी आमच्या घरात तीन आठवड्यांच्या अंतराने दोन हाडे मोडली. पहिले आमच्या कन्येचे. ती नऊ वर्षांची. शेजारच्या पेरूच्या झाडावरून पडली आणि डाव्या हाताचे मनगटाच्या वरचे हाड मोडून घेतले. दुसरे आमच्या आत्याचे. आत्या 79 वर्षांची. न्हाणीघरात घसरली, मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया होऊन हाडाच्या पोकळीत धातूची सळई बसली. कन्येचे प्लास्टर पाच आठवड्यांनी निघाले आणि पुढच्याच आठवड्यात ती त्याच झाडाखाली वर पाहत उभी असलेली आढळली. आत्याच्या सहाव्या आठवड्यातल्या क्ष-किरण चित्रात मात्र मोडलेल्या जागी धुरकट असे काही दिसते की नाही, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना ते चित्र उजेडासमोर बराच वेळ धरावे लागले. तिसऱ्या महिन्यातही फारसा फरक नव्हता. डॉक्टर मृदुभाषी गृहस्थ. त्यांनी चित्र पाकिटात सरकवले आणि म्हणाले, "वयोमानाप्रमाणे चाललंय."

आम्ही भाषा शिकवून पोट भरतो. तरीही हा शब्द आम्ही त्या दिवशी निमूटपणे घरी घेऊन आलो आणि त्याच्या आधारे काही निर्णय घेतले, हे येथे कबूल केले पाहिजे. रोज येऊन आत्याला वॉकर धरून चार पावले चालवणाऱ्या बाईंना आम्ही सांगितले की तूर्त येऊ नका. वॉकर कपाटामागे गेला. आत्याने विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, "आत्या, घाई कशाला? वयोमानाप्रमाणे व्हायचं ते होईल." ती काही बोलली नाही. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. समोरचा धडा न वाचता उत्तर देतो आहे हे तिला लगेच कळते.

शब्द खटकला तो नंतर, रात्री. 'मान' म्हणजे माप. तापमानाला तापमापक आहे, पर्जन्यमानाला पर्जन्यमापक आहे. वयोमान कशाने मोजतात? पंचांगाने मोजतात ते वय. पण हाड किती म्हातारे झाले, नवे हाड घडवण्याची त्याची ताकद किती उरली, हे कोणी मोजले आहे काय? आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांना आम्ही हे विचारले. त्यांनी दोन दिवसांनी शोधनिबंधांचा एक गठ्ठा आमच्या टेबलावर ठेवला. त्यांतले नायक माणसे नव्हती. प्रयोगशाळेतले उंदीर होते.

निरीक्षण तसे जुने आहे. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेच्या प्रकरणात सांगितले आहे की कोवळ्या वयात मोडलेला सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट काळ लागतो आणि उत्तरवयात तिप्पट. हे सूत्र सुबक आहे आणि वैद्याच्या रोजच्या अनुभवातून आलेले आहे यात शंका नाही. पण सुश्रुताने 'किती' सांगितले. 'का' सांगण्याचे साधन त्या काळी नव्हते. का हे विचारायचे तर आधी नवे हाड जुन्या हाडापासून वेगळे दिसले पाहिजे, आणि हाड तर सगळेच पांढरे.

ते वेगळे दिसले ते एका जेवणाच्या टेबलावर. 1736 साली लंडनमधले शल्यविशारद जॉन बेल्चिअर एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले. ताटात आलेल्या डुकराच्या मांसातली हाडे त्यांना लाल दिसली. चौकशी करता कळले की कापड रंगवताना मॅडर नावाच्या वनस्पतीच्या मुळ्यांचा रंग वापरतात आणि त्या रंगात भिजलेला कोंडा डुकरांना घालतात. मॅडर ही आपल्या मंजिष्ठेची युरोपीय बहीण. तिच्यातला रंग कॅल्शियमला जाऊन चिकटतो, त्यामुळे रंग पोटात असताना जे हाड घडते ते लाल होते. पुढे फ्रान्समध्ये दुहामेल द्यू माँसो यांनी प्राण्यांना काही काळ मॅडर घातली, काही काळ बंद केली, पुन्हा घातली. आणि हाड कापून पाहिले तर लाल-पांढरे-लाल असे थर. हाड आतून कोणत्या तारखेला किती लिहिले गेले, हे प्रथमच वाचता आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंजिष्ठेच्या बहिणीची जागा टेट्रासायक्लिनने घेतली. हे प्रतिजैविकही नव्या हाडात बसते आणि अतिनील प्रकाशात पिवळे चमकते. ठरावीक दिवसांच्या अंतराने दोन मात्रा द्यायच्या, मग हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरून दोन चमकत्या रेघांमधले अंतर मोजायचे. अंतराला दिवसांनी भागले की हाड रोज किती चढले ते कळते. अमेरिकन शल्यविशारद हॅरोल्ड फ्रॉस्ट यांनी या मोजणीचे शास्त्र केले.

म्हणजे वयोमानाला मापक आहे. दोन रेघांमधले अंतर हा तो मापक.

आता उंदरांकडे वळू. रॅट आणि माऊस या दोन्ही प्राण्यांना मराठीत आपण उंदीरच म्हणतो. येथे सोयीसाठी मोठ्याला उंदीर आणि लहानाला माऊस म्हणू. गठ्ठ्यातला एक आकडा आमच्या मनात रुतला. मांडीचे हाड मोडलेला सहा आठवड्यांचा उंदीर चार आठवड्यांत हाडाचे मूळचे बळ परत मिळवतो. एक वर्षाच्या उंदराला त्याच कामासाठी 26 आठवड्यांहून अधिक लागतात. सुश्रुताची तिप्पट येथे सहापटीच्या पुढे गेली. आकडा वाचून आम्हांला क्षणभर हायसे वाटले. डॉक्टर बरोबर होते, आम्ही बरोबर होतो, वॉकर कपाटामागे होता तेच ठीक.

पण साहित्याच्या विद्यार्थ्याला एक खोड असते: उपमा दिसली की उपमेय आणि उपमान खरोखर सारखे आहेत का, हे तपासण्याची. सहा आठवड्यांचा उंदीर म्हणजे नुकता वयात येणारा, अजून वाढत असलेला प्राणी; आमची कन्या म्हणा. वर्षाचा उंदीर म्हणजे कोण? प्रयोगशाळेतला उंदीर दोन-तीन वर्षे जगतो. तेव्हा वर्षाचा उंदीर आत्या नव्हे. तो फार तर आम्ही, मध्यमवयीन, किंचित पोट सुटलेले. पुष्कळ निबंधांच्या शीर्षकात 'वार्धक्य' असते आणि आत तुलना असते ती वाढत्या पोराची प्रौढाशी. वाढ थांबणे आणि म्हातारे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय उंदराच्या लांब हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा माणसासारखी वेळेवर बुजत नाही, आणि माणसाच्या हाडाचा जुना भाग खणून नवा भरण्याचे जे काम जन्मभर चालते ते उंदराच्या टणक हाडात फारसे चालत नाही. माऊसची तर आणखी तऱ्हा. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या वाणाच्या माऊसमध्ये हाडाच्या आतली जाळीदार रचना दीड-दोन महिन्यांच्या वयातच शिगेला पोहोचते आणि तेथून उतरणीला लागते. ऐन तारुण्यात सुरू होणाऱ्या या घसरणीला वार्धक्य म्हणायचे तर माणसाच्या वार्धक्याला दुसरा शब्द शोधावा लागेल. हे दोष त्या शास्त्रातल्या जाणत्यांना चांगले ठाऊक आहेत. काहींनी त्यावर लिहिलेही आहे. शीर्षकांपर्यंत मात्र ते पोहोचत नाहीत.

वय म्हणजे नेमके काय, हा प्रश्न अधिक कौशल्याने विचारणारे प्रयोगही त्या गठ्ठ्यात होते. 1965 साली अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी दाखवले की हाडातली खनिजे आम्लाने काढून टाकली आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्याच्या स्नायूत ठेवला, तर जेथे हाडाचा काही संबंध नाही अशा त्या मांसात काही आठवड्यांत नवे हाड तयार होते. शिकागोमध्ये चार्ल्स हगिन्स यांच्याबरोबर काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ ए. हरी रेड्डी यांनी सत्तरच्या दशकात याचे वेळापत्रक उलगडले: उंदराच्या कातडीखाली अशी भुकटी ठेवली की सुमारे आठवड्याने कूर्चा, मग हाड, आणि तीन आठवड्यांच्या सुमारास त्या हाडाच्या पोटात मज्जा. कातडीखाली एक चिमुकले, निरुद्योगी, पण पुरते हाड. त्या भुकटीत हाडाला बोलावणारी प्रथिने असतात. ती पुढे वेगळी काढली गेली.

ही भुकटी वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती पडली तेव्हा एक सोय झाली. बीज एकच ठेवून क्षेत्र बदलता येऊ लागले. तीच भुकटी तरुण उंदराच्या कातडीखाली ठेवा आणि म्हाताऱ्याच्याही. ऐंशीच्या दशकातल्या अशा प्रयोगांत म्हाताऱ्या उंदरात नवे हाड उशिरा आणि कमी घडले. हाक तीच होती, ओ देणारे कमी झाले होते. मज्जेतल्या ज्या मूलपेशींपासून हाड घडवणाऱ्या पेशी होतात, त्यांच्यापासून वय वाढते तसतशा चरबीच्या पेशी अधिक होऊ लागतात, हेही पुढे दिसून आले. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ओ देणारे स्वतः म्हातारे झाले आहेत, की ज्या गावात ते राहतात तेथली हवा बिघडली आहे? दोष पेशीचा, की पेशीला वेढणाऱ्या रक्ताचा?

हे ठरवण्यासाठी जो प्रयोग झाला तो वाचताना आम्ही गठ्ठा खाली ठेवला आणि उठून पाणी प्यालो. दोन जिवंत प्राण्यांच्या कुशी शिवून त्यांचे रक्ताभिसरण एक करायचे. ही युक्ती 1864 सालची, फ्रान्समधल्या पॉल बेर यांची. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी 1950 च्या दशकात ती वार्धक्याच्या अभ्यासाला लावली: एक म्हातारा उंदीर, एक तरुण. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात 69 जोड्यांचा हिशेब आहे. त्यांतल्या 11 जोड्या शिवणीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत एका गूढ आजाराने दगावल्या. दोघांचे जमले नाही तर एक दुसऱ्याचे डोके कुरतडून काढी, असेही त्यात नोंदलेले आहे. ज्या जोड्या जगल्या त्यांची हाडे त्यांनी तपासली. 1960 साली त्यांनी लिहिले की काही महिने एकत्र काढल्यावर म्हाताऱ्या उंदराची हाडे वजनाने आणि घनतेने तरुण जोडीदाराच्या हाडांसारखी झाली होती.

मराठी वाचकाला येथे कोण आठवणार हे सांगायला नको. खांडेकरांची 'ययाति' 1959 सालची, गिरीश कार्नाडांचे त्याच नावाचे कन्नड नाटक 1961 सालचे. ज्या तीन-चार वर्षांत आपल्याकडचे दोन लेखक बापाने मुलाचे तारुण्य मागितल्याची कथा पुन्हा लिहीत होते, त्याच वर्षांत कॉर्नेलमध्ये ती सुईदोऱ्याने शिवली जात होती. एकाला दुसऱ्याचा पत्ता असण्याचे कारण नाही. योगायोगाचा अर्थ लावू नये हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, म्हणून येथेही लावत नाही.

मॅके यांच्यानंतर ही पद्धत मागे पडली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा वापरात आली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका कामात बेंजामिन आल्मन यांच्या गटाने म्हाताऱ्या माऊसला तरुण माऊसशी जोडले आणि मग म्हाताऱ्याचे हाड मोडून पाहिले. ते तरुणासारखे जुळले. एवढेच नव्हे, तर दोघांना न शिवता तरुण माऊसच्या मज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या पेशी म्हाताऱ्यात रुजवल्या तरी तोच परिणाम दिसला. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की वयाबरोबर रक्तात वाढणारे एक प्रथिन, ज्याला एपोई म्हणतात, ते कमी केले तर म्हाताऱ्या माऊसचे हाड अधिक चांगले जुळते. म्हणजे तरुण रक्तात काही देणगी असते तसा म्हाताऱ्या रक्तात काही अडथळाही असतो. हे वाचून आम्हांला डॉक्टरांचे वाक्य नव्याने ऐकू आले. वयोमान हाडात नसून हाडाच्या शेजारात असेल, तर ते हलवता येईल.

हे सगळे आम्ही एका संध्याकाळी आत्याला सांगितले. खरे तर वॉकरचा विषय काढण्याआधीची ती प्रस्तावना होती. सरळ चूक कबूल करण्याऐवजी आम्ही उंदरांच्या मागे लपत होतो. आत्याने सगळे ऐकून घेतले. ययातीचे नाव आम्ही घेण्याआधी तिनेच घेतले. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्या उंदराचं हाड जुळलं हे कळलं. लहान्याचं काय झालं?"

आम्ही गप्प. निबंध वाचताना हा प्रश्न आम्हांला पडला नव्हता. आमचे सगळे लक्ष म्हाताऱ्याच्या हाडावर होते, कारण आमच्या घरात म्हातारे हाड होते.

"पुरूला निदान विचारलं तरी होतं," आत्या म्हणाली. "तो हो म्हणाला. याला कोणी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गठ्ठा काढला. हाडाच्या निबंधांत लहान्याची चौकशी थोडी होती. मेंदूवर काम करणाऱ्यांनी ती केली होती: 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हाताऱ्याशी जोडलेल्या तरुण माऊसच्या मेंदूत नव्या पेशी घडण्याचे प्रमाण घटलेले दिसले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते. पुरूला हजार वर्षांनी तारुण्य परत मिळाले, असे महाभारत सांगते. प्रयोगशाळेत ते परत देण्याचा प्रसंगच येत नाही. ठरलेल्या दिवशी दोघांची हाडे तपासणीसाठी काढली जातात.

त्या दिवसासाठी इंग्रजी शोधनिबंधांत जे क्रियापद रूढ आहे ते सहकाऱ्यांनी आम्हांला दाखवले: सॅक्रिफाइस. प्राणी मारले असे न लिहिता प्राण्यांचा बळी दिला असे लिहिण्याची जुनी रीत. यज्ञातली भाषा येथे कोठून आली, असे सहकारी हसून म्हणाले. आम्हांला मात्र दुसरे काही आठवले. वैदिक यज्ञात पशूला मारण्याच्या कृतीला 'संज्ञपन' म्हणत. शतपथब्राह्मणात म्हटले आहे की मारा असे म्हणू नये, ती माणसांची रीत. संज्ञपन करा असे म्हणावे. धातूकडे पाहिले तर संज्ञपन म्हणजे संमत करून घेणे. पशूची संमती मिळाली, असे शब्दानेच ठरवून टाकायचे. तीन हजार वर्षांच्या अंतरावरच्या दोन व्यवसायांना एकाच जागी शब्दाचा आडोसा लागला. आडोसा लागतो याचा अर्थ तेथे काही खुपत होते. दधीचीने आपली अस्थी स्वतः देऊ केली म्हणून तो दधीची. पिंजऱ्यातल्या उंदराला आपण दधीची म्हटले तर ते संज्ञपनच.

हे लिहिताना आमची बाजू स्वच्छ नाही, याची जाणीव आहे. आत्याच्या मांडीतली सळई, तिला दिलेली औषधे, भूल, यांच्यामागे कोठे ना कोठे असे प्राणी उभे आहेत. ऋग्वेदात विश्पलेची कथा येते: लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूची जंघा बसवून दिली. अश्विनीकुमार देव असल्याने त्यांना आधी उंदरावर प्रयोग करावे लागले नाहीत. आपल्याकडे तो मार्ग नाही. हे प्रयोग होऊ नयेत असे म्हणण्याचा अधिकार, सळईवर उभ्या असलेल्या घरातून, आम्हांला नाही. पण ते वाचताना लहान्याचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो आम्ही वापरला नव्हता.

प्रश्न त्याच्या जागी राहिला. विज्ञान मात्र ययातीच्या कथेइतके सोपे निघाले नाही. 2021 साली दुसऱ्या एका गटाने माऊसच्या हाडातल्या मूलपेशी वेगळ्या काढून तपासल्या. त्यांना दिसले की म्हाताऱ्या मूलपेशींची हाड आणि कूर्चा घडवण्याची ताकद तरुण रक्ताच्या सहवासानेही परत येत नाही. उलट या म्हाताऱ्या पेशीच भोवताली दाहाची स्थिती निर्माण करतात आणि हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतात. शेजार पेशीला बिघडवतो तसा पेशीही शेजार बिघडवते. त्याच गटाने नंतर दोन उपाय एकदम केले: हाडाला बोलावणारे एक प्रथिन मोडलेल्या जागी दिले आणि हाड खाणाऱ्या पेशींना चेतवणारा संकेत अडवला. तेव्हा म्हाताऱ्या पेशी पुन्हा कामाला लागल्या. एक गट म्हणतो रक्त, दुसरा म्हणतो पेशी. आणि दोघांचे माऊस खरे आहेत.

हालचालीबाबतही असेच. हाडावर भार पडला की हाड वाढते, हे एकोणिसाव्या शतकापासून सांगितले जाते. 1992 साली टर्की पक्ष्यांवर झालेल्या एका प्रयोगात पंखाच्या हाडावर रोज ठरावीक भार दिला. एक वर्षाच्या पक्ष्यांत हाडाचे क्षेत्रफळ सुमारे 30 टक्क्यांनी वाढले, तीन वर्षांच्या पक्ष्यांत काहीच वाढले नाही. येथे कोणीही म्हणेल, संपले, म्हाताऱ्या हाडाला चालवून उपयोग नाही. पण 2010 साली माऊसच्या एका वाणात 22 महिन्यांच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने म्हाताऱ्या, प्राण्यांच्या नडगीवर भार दिला तेव्हा हाडाच्या बाहेरच्या पृष्ठभागाने तरुण प्रौढांइतकाच प्रतिसाद दिला आणि आतल्या पृष्ठभागाने तर अधिक. प्राणी बदलला, हाड बदलले, भाराची रीत बदलली, तसे उत्तर बदलले. वय दोन्हीकडे होते.

इतक्या वाचनानंतर आमच्या हाती जे उरले ते थोडके आहे. 'वय' हे कारणाचे नाव नाही. अनेक कारणे ज्या पोत्यात भरली आहेत त्या पोत्याचे ते नाव आहे. मूलपेशींची संख्या, त्यांचा कल, रक्तातले अडथळे, दाह, भार, आहार, वाण: एकेक वस्तू बाहेर काढून, ही बदलली तर काय होते असे विचारणारे जे लोक आहेत त्यांनी पोत्याचे तोंड उघडले. आम्ही ते बांधून आत्याच्या उशाशी ठेवले होते. आमच्या वर्गातही आम्ही हे करत आलो आहोत असे आता वाटते. एखाद्या कवीच्या उत्तरायुष्यातली कविता उतरली की 'वयोमानाप्रमाणे प्रतिभा क्षीण झाली' हे वाक्य आम्ही कितीदा फळ्यावर लिहिले असेल. त्या कवीचे काय बिघडले, त्याचे की त्याच्या शेजाराचे, हे पाहण्याची तसदी घेतली नाही. विद्यार्थ्यांनीही विचारले नाही. वाक्य पुरेसे वाटले.

चौथ्या महिन्यात वॉकर कपाटामागून निघाला. बाईंना पुन्हा बोलावले. त्यांनी मध्यंतरीच्या खंडाबद्दल काही विचारले नाही, हा त्यांचा चांगुलपणा. डॉक्टरांना आम्ही, काहीसे दबकत, सगळे सांगितले. ते म्हणाले की चालवणे थांबवायला त्यांनी कधीच सांगितले नव्हते. हे खरे होते. त्यांनी फक्त एक शब्द उच्चारला होता. बाकीचा अर्थ आम्ही लावला होता. पहिल्या दिवशी आत्या पलंगापासून दारापर्यंत गेली आणि घामाघूम होऊन बसली. आमची कन्या शेजारी उभी राहून मोठ्याने पावले मोजत होती. तिच्या सहवासाने आत्याचे रक्त तरुण झाले असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते साहित्य झाले. घडले ते एवढेच की पाढे म्हणायला लावणारी बाई आता आकड्यांच्या तालावर पाऊल टाकत होती, आणि आकडा चुकला की मोजणारीलाच दरडावत होती.

सातव्या महिन्याच्या चित्रात मोडलेल्या जागी पांढरी गाठ स्पष्ट दिसली. ती चालण्याने आली की तशीही आली असती, ते आम्हांला सांगता येणार नाही. ते कळण्यासाठी न चाललेली दुसरी आत्या लागते. उंदीर अनेक असतात. आत्या एकच होती, आणि चौथ्या महिन्यापर्यंत आम्ही तिला प्रयोगाच्या चुकीच्या बाजूला बसवून ठेवले होते.

कन्येच्या हाताचे मोडलेले ठिकाण आता तिलाही सांगता येत नाही. लहान वयातले हाड स्वतःला घासूनपुसून इतके सरळ करते की खूण राहत नाही. आत्याची गाठ मात्र राहील, असे डॉक्टर म्हणाले. चित्र पाकिटात घालताना सवयीने त्यांच्या तोंडून निघाले, "वयोमानाच्या मानाने फार छान."

आत्या वॉकरला धरून उभी होती. म्हणाली, "डॉक्टर, 'मान' दोनदा आलं."